पिल्लं उडेपर्यंत चिंचबनाला हात लावू नका

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि वृक्ष प्राधिकरणाचे सर्व सदस्य

विषय : नदीघाटावरच्या चिंचबनाची पाडव्यानंतर ठरलेली तोड आणि छाटणी

महोदय,

परवा संध्याकाळी घाटावर गेले तेव्हा चिंचबनातल्या पहिल्याच झाडाच्या बुंध्याला खिळ्यांनी ठोकलेली आपली नोटीस वाचली. ११ चिंचा आणि २ वड. काहींची तोड, काहींची छाटणी. कारणाच्या रकान्यात दोन गोष्टी आहेत : घाटाचं सुशोभीकरण आणि वटवाघळांचा उपद्रव. काम गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात सुरू होणार. मी नोटीस वाचत होते तेव्हा त्याच चिंचेच्या वरच्या फांदीवर एक मादी लटकली होती. तिने पंखांची झोळी केली होती आणि त्या झोळीतून एक तपकिरी डोकं मधूनच बाहेर येत होतं. पिल्लू जेमतेम दोन आठवड्यांचं असेल.

पाडव्याला ते पाच आठवड्यांचं होईल. पाच आठवड्यांच्या पिल्लाला उडता येत नाही. तुमच्या ठरावात ही गोष्ट कुठेही नाही, म्हणून हे पत्र. ते जाहीर लिहिते आहे, कारण चिंचबन सगळ्या गावाचं आहे आणि तिथे काय होणार आहे हे गावाला आधी कळायला हवं.

मी गावातल्या माध्यमिक शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. आपल्यापैकी तिघं माझ्या वर्गात बसलेले आहेत. माझं घर नदीवेशीत, चिंचबनाला लागून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पहिल्या चार चिंचा दिसतात. माझ्या सासूबाई १९५८ साली लग्न होऊन या घरात आल्या. तेव्हाही झाडं अशीच डेरेदार होती आणि वाघळंही होती, असं त्या सांगायच्या. दिवेलागणीला वाघळं नदी ओलांडून निघाली की पोरांना घरात हाक मारायची, ही आमच्या आळीची घड्याळाआधीची वेळ. वास येतो, गोंगाट होतो, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर डाग पडतात. हे सगळं मी रोज सोसते. त्यामुळे लांब राहून प्राण्यांचा पुळका आलेली बाई म्हणून मला बाजूला सारू नये, एवढी विनंती.

गेल्या वर्षी काय झालं ते आधी सांगते, कारण त्याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही.

गेल्या चैत्रात छाटणीचं काम एका ठेकेदाराला दिलं होतं. सकाळी नऊच्या सुमारास माणसं आली. आधी बुंध्याशी फटाक्यांची माळ लावली. सगळी वसाहत एकदम वर उठली, भर उन्हात. आभाळ काळं झालं. मग यंत्राची करवत सुरू झाली. खालच्या माणसांना वाटलं, वाघळं गेली, झाड मोकळं झालं. मोकळं झालं नव्हतं. ज्यांना उडता येत होतं ती उडाली. ज्यांना येत नव्हतं ती फांद्यांना धरून राहिली, आणि फांद्यांबरोबर खाली आली.

मी धावत गेले तोवर तीन मोठ्या फांद्या पडल्या होत्या. चिंचेच्या पाल्यात काहीतरी हललं. मुठीत मावेल न मावेल एवढं पिल्लू, फांदीला अंगठ्याच्या नखाने धरलेलं, तोंड उघडं. आवाज येत होता, बारीक, चिमणीच्या पिलासारखा पण जास्त चिरका. मी हातावर जाड टॉवेल घेतला आणि त्याला उचललं. त्याने टॉवेलचा दोरा दातांत धरला तो सोडेना. वाघळाच्या पिल्लाचे दुधाचे दात आकड्यासारखे आत वळलेले असतात. आईच्या काखेत स्तन असतात, तिथे या दातांनी घट्ट धरून राहायचं, म्हणजे आई उडाली तरी पडत नाही. त्या पिल्लाला टॉवेल म्हणजे आई वाटली होती. शाळेत मी सस्तन प्राण्यांची लक्षणं फळ्यावर लिहायचे : अंगावर केस, पिल्लाला दूध. त्या दिवशी ती दोन्ही लक्षणं माझ्या ओंजळीत होती.

त्या दिवशी मी आणि शेजारच्या दोन मुलांनी पडलेली पिल्लं मोजली. एकोणीस. बारा मेलेली होती. उरलेली सात आम्ही टोपलीत घेतली. वनखात्याला फोन केला. वनरक्षक बिचारा लांबच्या बीटवर होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. तोवर काय करायचं कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडल्या, कापलेल्या फांदीच्या खुंटांना सैल गाठी मारून बांधल्या आणि त्यावर पिल्लांना लटकवून दिलं. अंधार पडल्यावर माद्या परत आल्या. झाडाभोवती घिरट्या, आणि सारखा तोच आवाज. साडेनऊच्या सुमारास एक मादी खुंटावर उतरली. पहिल्या पिल्लाला तिने हुंगलं आणि सोडून दिलं. दुसऱ्याला सोडून दिलं. तिसऱ्यापाशी थांबली. ते पिल्लू पट्टी सोडून तिच्या पोटावर चढलं, काखेत शिरलं आणि गप्प झालं. इतक्या कालव्यात तिने आपलं पोर वासावरून आणि आवाजावरून ओळखलं होतं. ती लगेच उडाली नाही. बराच वेळ त्याला चाटत बसली, मग जड उडत पलीकडच्या वडावर गेली.

चार पिल्लांना आया मिळाल्या. तीन राहिली. तिसऱ्या दिवसापर्यंत तीही गेली. मेलेली पिल्लं पाल्याबरोबर ट्रॉलीत भरून कचरा डेपोवर नेली गेली.

आता यंदाही तोच महिना, तीच झाडं.

ही वाघळं म्हणजे आपल्याकडचं सर्वांत मोठं फळखाऊ वटवाघूळ. शास्त्रीय नाव टेरोपस मेडियस. जुन्या पुस्तकांत टेरोपस जायगँटिअस. पंख पसरले की चार फुटांवर जातात, वजन किलोच्या आगेमागे. यांचं वर्ष कसं चालतं ते मी सांगते, कारण कुठल्याही कामाची तारीख त्यावरून ठरायला हवी. नर-मादीचा मेळ पावसाळ्यात सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. गर्भ १४० ते १५० दिवसांचा, म्हणजे जवळजवळ पाच महिने. पिल्लं फेब्रुवारी ते मे या काळात जन्मतात. आपल्या चिंचबनात बहुतेक शिवरात्रीच्या आगेमागे दिसू लागतात. एका मादीला वर्षाला एकच पिल्लू. जुळं क्वचित. जन्मल्यावर पहिले काही आठवडे आई त्याला छातीवर घेऊनच चरायला जाते. तीनेक आठवड्यांनी पिल्लू स्वतः फांदी धरून लटकू लागतं. ते आता जड झालेलं असतं, म्हणून आई त्याला रात्री झाडावरच ठेवून जाते आणि पहाटे येऊन पाजते. उडायला त्याला सुमारे ११ आठवडे लागतात. दूध सुटायला पाच महिने. आणि ते स्वतः वयात यायला दीड-दोन वर्षं.

म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासून अकराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाची अवस्था सगळ्यात नाजूक असते. तान्हं असताना धोका आला तर आई त्याला घेऊन उडू शकते. उडता येऊ लागल्यावर ते स्वतः पळू शकतं. मधल्या दोन महिन्यांत ते आईला उचलवत नाही आणि स्वतःला उडता येत नाही. झाड हेच त्याचं घर, पाळणा, सगळं काही. आपण ठरवलेली तारीख नेमकी या दोन महिन्यांच्या तोंडावर पडते. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. कुणी विचारलंच नाही, असं म्हणते.

लोक म्हणतात, एवढी हजारो वाघळं आहेत, चार पिल्लं मेली तर काय बिघडलं. उंदराच्या मादीला तीन आठवडे पुरतात. एका वेतात पाच-सहा पिल्लं आणि वर्षात कितीतरी वेत. उंदीर मेले तर महिन्यात भरून निघतात. इथे एका आईचं एक पिल्लू गेलं की तिचं ते वर्ष वाया गेलं. पुढचं पिल्लू पुढच्या शिवरात्रीला, तेही जगलं तर. पाठोपाठ दोन-तीन चैत्र असे गेले की दिसायला वसाहत तेवढीच राहते, कारण म्हातारी वाघळं लटकलेलीच असतात, पण तरणी त्यात नसतात. आणि मग एके वर्षी झाडं रिकामी होतात.

हे ज्ञान परदेशातून आणायची गरज नाही. आपल्याच राज्यात, नागपुरात, प्रा. एम. ए. मोघे यांनी याच वटवाघळाच्या गर्भाची वाढ आणि वार यांवर काम केलं. त्यांचा निबंध १९५१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. पुढे प्रा. ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतातल्या वटवाघळांच्या विणीवर नागपुरात वर्षानुवर्षं अभ्यास केला. पुण्यात एच. आर. भट आणि अमेरिकेचे थॉमस कुंझ यांनी लहान फळवाघळांवर काम केलं. त्या जातीचा नर भेरली माडाच्या फुला-फळांच्या लोंबत्या घोसाला आतून कुरतडून पोकळी करतो, त्यात माद्या राहतात आणि तिथेच पिल्लं वाढवतात. याच कुंझ यांनी १९९४ साली एक फार वेगळी गोष्ट नोंदवली. रॉड्रिग्ज बेटावरच्या फळवाघळाची एक मादी बाळंत होताना अडली होती, तेव्हा शेजारची दुसरी मादी तिला चाटत, पंखांनी धरत, खाली येणाऱ्या पिल्लाला सावरत राहिली. ती वाघळं अमेरिकेत पिंजऱ्यात पाळलेली होती. आपल्या चिंचबनात असं होतं की नाही, मी पाहिलेलं नाही. पण ज्या जनावरांत सुईणपण असतं त्यांच्या कुळाला 'उपद्रव' हा एक शब्द पुरत नाही, एवढं मला वाटतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तारखेची, ती वर सांगितली. तिच्याशी जोडून कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळवाघळं पाचव्या परिशिष्टात होती, कावळा आणि उंदराच्या पंगतीत, 'उपद्रवी' म्हणून. त्यांना मारायला कसलीही आडकाठी नव्हती. आपल्या कार्यालयातला 'उपद्रव' हा शब्द बहुधा तिथूनच आलेला आहे. पण २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच रद्द झालं आणि हे वटवाघूळ दुसऱ्या परिशिष्टात, संरक्षित प्राण्यांत आलं. १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती लागू आहे. संरक्षित प्राण्याची वसाहत असलेली झाडं तोडताना वनखात्याचं मत घेतल्याचा उल्लेख नोटिशीत नाही, ठरावातही नाही. मी ठरावाची प्रत रीतसर मागून वाचली आहे.

दुसरी तक्रार झाडांच्या वयाची. नोटिशीत अकराही चिंचांपुढे 'अंदाजे ४० वर्षे' लिहिलं आहे. सासूबाईंचं १९५८ चं सांगणं बाजूला ठेवा. शाळेच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनाचा फोटो कार्यालयात लावलेला आहे. त्यात मुलांच्या पाठीमागे याच चिंचा आहेत, दोघांच्या कवेत न मावणाऱ्या. झाडांच्या संरक्षणाच्या राज्याच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज वृक्ष' ठरतं, आणि एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. वय दहा-वीस वर्षांनी कमी लिहिलं की दर्जाही जातो आणि लावायच्या झाडांची संख्याही कमी होते. हे चुकून झालं असेल तर दुरुस्त करा. मोजणी पुन्हा करा, आणि ती करताना आळीतल्या जुन्या माणसांना विचारा.

तिसरी, नगरपरिषदेच्या बागेतल्या भेरली माडांची. दर मार्चमध्ये त्यांचे जुने घोस 'साफसफाई' म्हणून उतरवले जातात. मी वर सांगितलेली लहान वाघळं त्यात राहतात. त्यांची वीण वर्षातून दोनदा होते. पहिली फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, दुसरी जून-जुलैच्या. म्हणजे मार्चची साफसफाई म्हणजे बाळंतिणीच्या खोलीची साफसफाई. माळीदादांना मी दोष देत नाही. त्यांना जे काम सांगितलं ते त्यांनी केलं.

चौथी तक्रार निपाहच्या भीतीची, आणि इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण सभेत दोन सदस्य हेच बोलले असं कळलं आणि लोकांच्या मनातही हेच आहे.

भीती खोटी नाही. २०१८ साली केरळात कोझिकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत निपाहने १७ जणांचा जीव घेतला, आणि तिथल्या तपासात याच जातीच्या वटवाघळांमध्ये तो विषाणू सापडला. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या खुणा मिळाल्या. ती गुहेत राहणारी वेगळ्या जातींची वाघळं होती. हे लपवून वाघळांची बाजू मांडावी असं मला वाटत नाही. पण तो आजार माणसापर्यंत कसा पोचतो हेही पुरेसं माहीत आहे. बांगलादेशात खजुरीच्या झाडाला रात्री मडकी लावतात, वाघळं त्यातला रस चाटतात, लघवी करतात आणि माणसं तो कच्चा रस सकाळी पितात. तिथे मडक्यावर बांबूची जाळी बांधली की वाघूळ रसापर्यंत पोचत नाही. मलेशियात १९९८-९९ मध्ये तो डुकरांतून माणसात आला, १०० हून अधिक माणसं गेली आणि दहा लाखांवर डुकरं मारावी लागली. आपण काय करायचं ते यातून कळतं : वाघळांनी चावलेलं, खाली पडलेलं फळ खायचं नाही, फळं धुऊन खायची, उघडी नीरा-ताडी प्यायची नाही, पडलेल्या वाघळाला उघड्या हाताने शिवायचं नाही. याचा एक फलक घाटावर लावला असता तर गावाचं भलं झालं असतं. गेल्या वर्षी ठेकेदाराच्या माणसांनी पिल्लं उघड्या हातांनी उचलून ट्रॉलीत टाकली. निपाहची खरी काळजी असती तर निदान त्यांना हातमोजे दिले गेले असते.

हाकलून दिल्याने धोका घटत नाही. युगांडात किटाका नावाच्या खाणीत २००७ साली खाणकामगारांना मारबर्ग हा भयंकर ताप झाला. तो तिथल्या फळवाघळांकडून आला होता. नंतर खाणीतली सगळी वाघळं मारली गेली. काही वर्षांनी खाणीत वाघळं पुन्हा येऊन राहिली तेव्हा त्यांच्यातलं संसर्गाचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त आढळलं, आणि २०१२ साली जवळच्याच भागात मारबर्गची साथ आली. जुनी, रोगाशी जमवून घेतलेली वाघळं गेली आणि त्यांच्या जागी नवी, संसर्ग सहज होणारी आली, असं अभ्यासक सांगतात. चिंचबनातली वाघळं उठवली तर ती आकाशात विरून जाणार नाहीत. शाळेमागच्या निलगिरीवर, दवाखान्याच्या आवारातल्या पिंपळावर, बाजारातल्या करंजांवर जाऊन बसतील. आज सगळी एका जागी, नदीकाठी, वस्तीच्या कडेला आहेत. आपण त्यांना गावभर वाटून देणार आहोत.

बागायतदारांचं म्हणणं मला घरातच ऐकायला मिळतं. माझ्या दिरांची द्राक्षबाग आहे, आणि लहान जातीची वाघळं द्राक्ष खातात हे त्यांनी मला घड हातात देऊन दाखवलं आहे. नुकसान खरं आहे. त्यांनी बागेला बारीक घराची जाळी ताणून बसवली तेव्हापासून ते कमी झालं. ढिली जाळी टाकली होती त्या वर्षी तीन वाघळं त्यात अडकून मेली आणि घडही वाचले नाहीत. जाळीला अनुदान मागायला मी दिरांबरोबर मोर्चात चालेन. पण मॉरिशसमध्ये काय झालं तेही बघा. लिचीच्या बागा वाचवायच्या म्हणून २०१५ साली तिथल्या सरकारने सुमारे ३० हजार फळवाघळं मारली, पुढेही मारली. २०१८ साली त्या जातीची गणना जगातल्या संकटग्रस्त प्राण्यांत झाली. आणि आपलं हे मोठं वाघूळ रात्रभर काय करतं? वड, पिंपळ, उंबर खातं, रस पिऊन चोथा थुंकतं, आणि मैलोनमैल उडता-उडता बिया टाकत जातं. मोहाच्या फुलावर तोंड घालतं आणि या झाडाचा पराग त्या झाडावर नेतं. घाटाच्या जुन्या भिंतीतल्या भेगेत उगवलेला उंबर आपण कुणी लावलेला नाही.

उन्हाचाही विचार करा. मे २०२० मध्ये उत्तर प्रदेशात गोरखपूर जिल्ह्यातल्या बेलघाटला झाडाखाली मेलेल्या वाघळांचा खच पडला. करोनाचे दिवस, लोक घाबरले. बरेलीच्या पशुवैद्यक संस्थेत तपासणी झाली तेव्हा कारण निघालं उष्णता. ऑस्ट्रेलियात केर्न्स शहराजवळ नोव्हेंबर २०१८ मध्ये दोन दिवसांच्या उन्हात सुमारे २३ हजार फळवाघळं गेली. पारा ४२ च्या पुढे गेला की ही जनावरं पंखांनी वारा घेतात, अंगाला थुंकी लावतात, धापा टाकतात आणि शेवटी गळून पडतात. पिल्लं आधी जातात. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकतो. चिंचेची गच्च सावली आणि खालून येणारा नदीचा ओलावा, एवढ्यावर ती तगून आहेत. छाटणीनंतर उरलेल्या चार फांद्यांवर दुपारचं ऊन थेट पोचेल, मग करवत न लागलेली पिल्लंही मरतील.

वासाचा प्रश्न राहतो. तो आहे, आणि आमच्या आळीला सर्वांत जास्त आहे. त्यासाठी घाटाच्या पायऱ्या आणि झाडं यांच्यामधला पट्टा रोज सकाळी पाण्याने धुतला आणि झाडांखालची बाकं पन्नास पावलं पुढे हलवली तरी निम्मं काम होईल. हे मी दोन वर्षांपूर्वी अर्जात लिहिलं होतं. अर्जाची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही.

मागण्या अशा :

१. पाडव्यानंतरचं काम थांबवा, आणि तसं लेखी जाहीर करा. जानेवारीपासून ऑगस्टअखेरपर्यंत चिंचबनात करवत, फटाके, धूर, यांतलं काहीही नको. मोडकी किंवा कुणाच्या अंगावर पडेल अशी फांदी असेल तर वनखात्याचा माणूस उभा करून, तेवढीच फांदी, पिल्लं नाहीत हे बघून काढा.

२. तोडीचा ठराव रद्द करा. सुशोभीकरणाचा नकाशा झाडं जागेवर ठेवून पुन्हा काढा. मी वास्तुविशारद नाही, पण घाट आणि झाडं एवढी वर्षं एकत्र राहिली आहेत.

३. छाटणी खरोखर लागणारच असेल तर ती सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, टप्प्याटप्प्याने, एका वर्षी दोन-तीन झाडांपेक्षा जास्त नाही. सिडनीच्या वनस्पती उद्यानात जुनी झाडं वाचवण्यासाठी फळवाघळं हलवायची होती. तिथेसुद्धा आवाज करून उठवायची परवानगी पिल्लं आईवर अवलंबून नसतात त्या महिन्यांपुरतीच होती, आणि काम जून २०१२ मध्ये सुरू झालं. आपण निदान एवढं तरी करावं.

४. झाडांचं वय तज्ज्ञांकडून पुन्हा मोजून घ्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा द्या.

५. बागेतल्या भेरली माडांचे घोस उतरवायचे तर ऑगस्टनंतर.

६. घाटावरून जाणाऱ्या वीजतारा वाघळांच्या वाटेवर आहेत. पंख मोठे, दोन तारांना एकदम टेकतात. पिल्लू पोटाशी घेतलेली मादी तारेला चिकटलेली मी दोनदा पाहिली आहे. तेवढ्या शंभर-दीडशे मीटरवर आवरण असलेली तार टाकावी, असं पत्र नगरपरिषदेने वीज कंपनीला द्यावं.

७. पडलेलं पिल्लू दिसलं तर काय करायचं, कुणाला फोन करायचा आणि काय करायचं नाही, हे सांगणारा एक फलक मराठीत घाटावर लावा. त्याचा मजकूर मी लिहून देते; वनखात्याने तपासून घ्यावा.

या पत्राबरोबर माझा रीतसर आक्षेप आज सकाळी कार्यालयात दाखल केला आहे. गेल्या सात वर्षांत चिंचबनात पहिलं पिल्लू कधी दिसलं, पहिलं उडताना कधी दिसलं, याच्या तारखांची माझी वही आहे. ती मी सुनावणीला आणेन. सुनावणीची तारीख आणि वेळ मला आणि आळीतल्या लोकांना निदान चार दिवस आधी कळवावी. वनरक्षकालाही बोलवावं, गेल्या वर्षीची टोपली त्याने पाहिलेली आहे.

उत्तर येईपर्यंत मी रोज सकाळी सहा ते नऊ चिंचबनात आहे. आपल्यापैकी कुणीही या. पहाटे माद्या परत येतात तेव्हा दुसऱ्या चिंचेखाली उभं राहिलं की पिल्लं आईला हाक मारताना ऐकू येतात. दुर्बीण माझ्याकडे आहे.

आपली,
नदीवेशीतली एक निवृत्त शिक्षिका

ता. क. : यंदा पहिलं पिल्लू आठ दिवस उशिरा दिसलं. त्यामुळे ऑगस्टअखेरची मुदत कमी करू नये.